रात्री चेहरा ओळखू येईल असा सीसीटीव्ही: चार कॅमेऱ्यांची घरगुती जोडणी

चोरीनंतर फुटेज पाहायला बसलं की अनेक घरांत एकच निराशा पदरी पडते. अंगण दिसतं, गाडी दिसते, रात्री अडीचला फाटकावरून उडी मारणारा माणूसही दिसतो. तो कोण, एवढंच ओळखू येत नाही. कॅमेरा चालू होता, रेकॉर्डिंगही झालं होतं. चूक झालेली असते जागा आणि लेन्स निवडताना, आणि ती नंतर कुठल्याही सेटिंगने सुधारत नाही. म्हणून इथे सर्वांत जास्त जागा त्या भागाला दिली आहे.

उदाहरणासाठी तालुक्याच्या गावी असतं तसं घर धरू. पुढे अंगण, कुंपण आणि फाटक, मागे परसदार, एका बाजूला पाण्याच्या टाकीकडे जाणारा बोळ. अशा घराला चार कॅमेरे पुरतात: फाटक, पुढचं दार, मागचं दार आणि बोळ. पाचव्या कॅमेऱ्यासाठी पैसे काढण्याआधी तेच पैसे फाटकाच्या कॅमेऱ्यावर घाला. घरात शिरणारा बहुधा तिथूनच येतो आणि पळतोही तिथूनच.

जागा आणि लेन्स

अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्याजोगा यावा यासाठी आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत एक माप दिलं आहे: माणूस उभा आहे त्या जागी दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल. चेहरा साधारण १६ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे त्याच्या वाट्याला ४० पिक्सेल येतात. मीटरमागे १२५ पिक्सेल असतील तर आपल्या ओळखीचा माणूस आपल्याला कळतो. २५ असतील तर कुणीतरी आहे, एवढंच समजतं.

आता हिशेब करू. २ मेगापिक्सेलचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. १९२० भागिले २५० म्हणजे ७.६८ मीटर. चित्रात याहून जास्त रुंदी मावत असेल तर चेहरा हातचा गेला. दुकानात सरसकट मिळते ती २.८ मिमी लेन्स साधारण १०० अंश रुंद पाहते, आणि तिच्यात ७.६८ मीटर रुंदी सव्वातीन मीटरवरच भरते. ३.६ मिमीला हेच अंतर चार-सव्वाचार मीटर येतं. ६ मिमी लेन्स साधारण ५० अंश पाहते, ती आठ मीटरपर्यंत चेहरा देते. आणि ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६ मिमी लेन्सने घेतला तर दहा-अकरा मीटरपर्यंत.

घराच्या भिंतीपासून फाटक दहा मीटरवर असेल आणि भिंतीवर २.८ मिमीचा कॅमेरा लावला, तर सगळं अंगण झकास दिसेल आणि फाटकातल्या माणसाचं तोंड म्हणजे चार-दोन ठिपके असतील. ‘झूम करून बघू’ म्हणाल तर ठिपकेच मोठे होतील. त्यामुळे फाटकासाठी ४ मेगापिक्सेल आणि ६ मिमी. पुढच्या दारासाठी २ मेगापिक्सेल आणि २.८ मिमी, कारण तिथे माणूस दोन-तीन मीटरवरच येतो. मागच्या दारालाही तोच चालेल. बोळ अरुंद आणि लांब असतो, तिथे ३.६ किंवा ६ मिमी घ्या. रुंद लेन्स लावली तर अर्ध्या चित्रात दोन भिंतीच येतात. खरेदीला जाण्याआधी टेपने चारही अंतरं मोजून कागदावर लिहा. दुकानदाराने ‘सगळीकडे हाच चालतो’ म्हटलं तरी तो कागद सोडू नका.

उंची आठ ते दहा फूट. वर टेरेसच्या कठड्याला लावलेल्या कॅमेऱ्यातून टोप्या आणि डोकी दिसतात. आठ फुटांच्या खाली लावला तर हात पोचतो. दाराचा कॅमेरा दाराच्या डोक्यावर सरळ खाली तोंड करून लावू नका. बाजूला दोन मीटरवर लावून दाराकडे तिरपा वळवा, म्हणजे येणाऱ्याचा चेहरा समोरून येतो.

कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला येत असेल तर सकाळ-संध्याकाळ माणूस काळी सावली होऊन दिसतो. तिथे खरा डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही नीट दाखवणारी सोय) असलेला कॅमेरा घ्या, १२० डीबी असं लिहिलेला. डीडब्ल्यूडीआर म्हणजे फक्त सॉफ्टवेअरने उजळलेलं चित्र. नावं सारखी दिसतात म्हणून फसू नका.

आकाराबद्दल थोडक्यात. बाहेर काचेचा घुमट असलेला डोम टाळा: घुमटावर धूळ आणि पावसाचे थेंब बसतात आणि रात्री त्याच्यावरून कॅमेऱ्याचाच इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश लेन्समध्ये परततो. घुमट नसलेला आयबॉल (चेंडूसारखा गोल) किंवा बुलेट (नळीसारखा लांब) घ्या. माकडांचा वावर असेल तिथे बुलेट नको, लोंबकळून वाकवतात.

सामान

अॅनालॉग आणि आयपी असे दोन मार्ग आहेत. अॅनालॉगमध्ये डीव्हीआर (रेकॉर्डर), थ्री प्लस वन केबल (चित्राची आणि विजेची तार एकत्र असलेली), बीएनसी आणि डीसी पिन, शिवाय कॅमेऱ्यांना वीज देणारी वेगळी एसएमपीएस लागते. आयपी म्हणजे नेटवर्कवर चालणारे कॅमेरे; त्यात एनव्हीआर (त्यांचा रेकॉर्डर), कॅट-६ नेटवर्क केबल आणि त्याच केबलमधून वीज देणारा पीओई स्विच. वीज आणि चित्र एकाच केबलमधून जातं. भिंतीत आधीच थ्री प्लस वन टाकलेली असेल तर अॅनालॉगच ठेवा, त्यातही चित्र उत्तम येतं. नव्याने करत असाल तर आयपी घ्या. जोड कमी, म्हणजे बिघाड कमी.

वायफाय कॅमेऱ्याला ‘विनावायर’ म्हणतात, पण विजेची वायर त्यालाही लागतेच, आणि दोन जाड भिंतींपलीकडे सिग्नल तुटतो. भाड्याच्या घरात दारापुरता ठीक. शेतातल्या गोठ्याला किंवा पंपघराला सोलर पॅनेल आणि सिमवर चालणारा कॅमेरा लागतो, तो वेगळा विषय आहे.

आपल्या घरासाठी यादी अशी:

- कॅमेरे ४, आयपी ६६ किंवा ६७ दर्जाचे (इथे ‘आयपी’ म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा)
- एनव्हीआर ४ चॅनेलचा
- पीओई स्विच, ४ पीओई आणि २ साधे पोर्ट, ८०२.३एएफ मानकाचा
- सर्व्हेलन्ससाठीची हार्ड डिस्क, २ टीबी
- कॅट-६ केबल, शुद्ध तांब्याची, १०० मीटर
- आरजे-४५ कनेक्टर १५ (आठ लागतात, क्रिंपिंग, म्हणजे कनेक्टर तारेवर दाबून बसवणं, शिकताना बाकीचे जातात)
- पीव्हीसी जंक्शन बॉक्स ४ बाय ४ इंची, चार
- २५ मिमी पीव्हीसी पाइप, बेंड, सॅडल
- ६ मिमी गिट्ट्या आणि ३५ मिमी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू
- सिलिकॉन सीलंट, रबरी सेल्फ फ्यूजिंग टेप
- ६०० व्हीएचा यूपीएस

हत्यारं: हॅमर ड्रिल, ६ मिमीचा आणि १६ मिमीचा लांब बिट, क्रिंपिंग प्लायर, लॅन टेस्टर, मल्टिमीटर, भक्कम शिडी.

केबलमध्ये पैसे वाचवू नका. ‘सीसीए’ म्हणजे वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. त्याचा रोध जास्त असतो, वीज वाटेत गळते आणि कॅमेरा रात्री बंद पडतो. ओळखायला सोपं आहे: तारेचं टोक ब्लेडने खरवडा, आतून पांढरं निघालं तर परत करा.

कॅमेऱ्याच्या आणि एनव्हीआरच्या खोक्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी खूण आणि ‘आर-’ने सुरू होणारा क्रमांक पाहा. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीच्या सक्तीच्या नोंदणीत सायबर सुरक्षेच्या अटी घातल्या आहेत. नाव-गाव नसलेल्या स्वस्त मालाला फर्मवेअरचे (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट मिळत नाहीत, हे त्यातलं खरं दुखणं.

हार्ड डिस्कचा हिशेब: एक कॅमेरा २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) लिहीत असेल तर दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेऱ्यांचे ८६.४ जीबी. १ टीबीत अकरा दिवस, २ टीबीत साधारण तेवीस. फाटकाच्या ४ मेगापिक्सेलला ४ एमबीपीएस द्या, म्हणजे २ टीबीत अठरा दिवस मिळतात. गावाला जाऊन पंधरा दिवसांनी परतणाऱ्या घराला १ टीबी अपुरी पडते. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क घालू नका. ती दिवसरात्र लिहिण्यासाठी बनवलेली नसते.

आधी जमिनीवर, मग भिंतीवर

सगळं सामान हॉलमध्ये मांडा आणि छोट्या केबलने जोडून चारही चित्रं बघा. मग खोलीतला दिवा घालवा, इन्फ्रारेड लागतो का तेही बघा. शिडीवर चढल्यावर नादुरुस्त कॅमेरा सापडला तर अर्धा दिवस जातो.

केबल टाकताना प्रत्येक टोकाला दीड मीटर जास्त ठेवा. घरातल्या विजेच्या वायरिंगपासून फूटभर अंतर राखा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. एकाच पाइपातून २३० व्होल्टची वायर आणि कॅट-६ नेऊ नका. बाहेरची केबल उघडी सोडली तर ऊन दोन-तीन वर्षांत आवरण फोडतं, आणि खारी-उंदीर त्याआधीच कुरतडतात. म्हणून पाइप. एका ओढीची लांबी १०० मीटरच्या आत हवी. आपल्या घरात ती तीसच्या पुढे जात नाही.

भिंतीला भोक पाडताना ड्रिल आतून बाहेर थोडं खाली उतरतं धरा. सरळ किंवा उलट्या उताराच्या भोकातून पावसाचं पाणी घरात येतं आणि रंग फुगतो. भोकात शिरण्याआधी केबलला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी टपकतं.

आरजे-४५ लावताना रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची पकड खाली आणि तारांची टोकं तुमच्यापासून दूर, अशा स्थितीत डावीकडून उजवीकडे. पांढरा-हिरव्याशेजारी हिरवाच लावायचा मोह होतो. टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात, पण जोड्या फुटलेल्या असतात आणि लांब केबलवर चित्र अडकत राहतं. आवरण कनेक्टरच्या आत शिरलं पाहिजे, नाहीतर पहिल्या ओढीला तार निसटते.

कॅमेऱ्यासोबत एक रबरी वायसर आणि प्लास्टिकची जलरोधक टोपी येते. ती केबलमध्ये *आधी* ओवायची, मग कनेक्टर क्रिंप करायचा. उलट केलंत तर कनेक्टर कापावा लागतो. पंधरा आणायला सांगितले ते यासाठीही.

आता सर्वांत महत्त्वाचा जोड. कॅमेऱ्याच्या शेपटीचा आणि केबलचा जोड जंक्शन बॉक्सच्या आतच राहिला पाहिजे. भिंतीवर लोंबता सोडला आणि काळी टेप गुंडाळली, तर उन्हाने टेपचा गोंद सुटतो, पहिल्या वळवाच्या पावसात पाणी शिरतं, आणि केबलमधल्या विजेमुळे पिना हिरव्या पडून खाल्ल्या जातात. जोडावर सेल्फ फ्यूजिंग टेप ताणून गुंडाळा, केबल बॉक्समध्ये खालच्या बाजूने आत घ्या, वरच्या आणि बाजूच्या कडांना सिलिकॉन लावा. खालची कड मोकळी ठेवा, आत साचलेला दमटपणा बाहेर पडायला वाट हवी. कोकणात ही एक गोष्ट नीट केली तर निम्मे बिघाड टळतात.

कॅमेरा छज्जाखाली लावा म्हणजे पागोळ्या थेट काचेवर पडत नाहीत. पण फार आत नको. छज्जाची कड किंवा बाजूची पांढरी भिंत चित्रात आली तर इन्फ्रारेड तिच्यावरून परततो, कॅमेरा तेवढ्या उजेडावर स्वतःला बेतून घेतो आणि अंगण काळं पडतं.

वीज आणि वादळ

चार कॅमेरे, एनव्हीआर, स्विच आणि राऊटर मिळून ४५ ते ५० वॉट घेतात. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, ती पाऊण ते एक तास पुरते. घरात १५० एएचचा इन्व्हर्टर असेल तर हा सगळा भार त्यावर घ्या. फक्त एवढाच भार असेल तर जवळजवळ दिवसभर चालतो. इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ स्थितीत ठेवा, नाहीतर लाइट जाताना लागणाऱ्या क्षणभराच्या उशिराने एनव्हीआर पुन्हा सुरू होतो. राऊटर विसरू नका. वीज गेल्यावर कॅमेरे चालू आणि फोनवर काहीच दिसत नाही, याचं कारण बहुधा तोच असतो.

एनव्हीआर टीव्हीशेजारी ठेवू नका. चोर तोही उचलतो. माळ्यावर किंवा कपाटात ठेवा, पण मागून हवा खेळेल अशी जागा हवी. बंद पेटीत डिस्क तापून मरते.

एप्रिल ते जूनच्या विजांमध्ये यंत्रं जळतात ती बऱ्याचदा लांब केबलमधून आलेल्या झटक्याने. प्लग तीन पिनी आणि अर्थिंग खरं असलं पाहिजे. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर आधी वायरमनला बोलवा. फाटकाच्या खांबावर कॅमेरा असेल तर केबल हवेतून नेऊ नका. पाइपातून जमिनीखाली, दीड-दोन फूट खोल न्या आणि घराच्या टोकाला अर्थ केलेला लॅन सर्ज प्रोटेक्टर लावा.

रेकॉर्डरची सेटिंग

पहिला पासवर्ड तुम्ही टाका, लावणाऱ्याने नव्हे. मोबाइल अॅपमध्ये यंत्र जोडताना क्यूआर कोड तुमच्याच फोनवरून, तुमच्याच खात्यात स्कॅन करा. तंत्रज्ञाच्या खात्यात जोडलं तर घराचं दार कायमचं त्याच्या फोनमध्ये राहतं; तुम्ही फक्त पाहुणे. २०१६ साली मिराय नावाच्या बॉटनेटने (दुरून ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्याने) जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. राऊटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडू नका, यूपीएनपी (अशी वाट आपोआप उघडणारी सोय) बंद करा.

मग क्रमाने: वेळक्षेत्र जीएमटी+५:३० (बऱ्याच यंत्रांत मुळात +८ असतं), एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सोय) चालू, डे-लाइट सेव्हिंग बंद. डिस्क इनिशियलाइझ करा, ओव्हरराइट (डिस्क भरली की जुन्यावर नवं लिहिणं) चालू ठेवा. फुटेज कमी जागेत साठवणारी एच.२६५ पद्धत, सेकंदाला १५ फ्रेम. फाटक आणि दार सतत रेकॉर्डिंगवर. फक्त हालचालीवर ठेवलं तर नेमकं सुरुवातीचे दोन सेकंद निसटतात. वारंवारिता ५० हर्ट्झ किंवा पाल निवडा. एनटीएससी राहिलं तर ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावर पट्टे थरथरतात. सूचनांसाठी माणूस ओळखणारी सोय असेल तर ती वापरा आणि रेषा फाटकाच्या आत आखा. रस्ता रेषेत आला तर दिवसाला शंभर सूचना येतात आणि आठवड्यात तुम्ही त्या बंद करता.

रात्रीची परीक्षा

रात्री नऊनंतर घरातल्या कुणालातरी फाटकातून नेहमीच्या चालीने आत यायला सांगा. थांबून कॅमेऱ्याकडे बघायला लावू नका. मग रेकॉर्डिंग लावून थांबवा. चेहरा लांबलेला, पुसट दिसला तर शटर मंद आहे: १/२५ वरून १/५० किंवा १/१०० करा. चित्र काळवंडेल, म्हणून फाटकाच्या खांबावर ९ वॉटचा एलईडी लावा. कॅमेऱ्यापासून तो दूर असल्याने किडे दिव्याकडे जातात, लेन्सकडे कमी येतात. चेहरा पांढराफटक पडला तर इन्फ्रारेड स्मार्ट स्थितीत ठेवा. गाडीचा नंबर रात्री याच कॅमेऱ्यातून मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. हेडलाइट आणि चमकणारी पाटी यांसाठी वेगळ्या सेटिंगचा स्वतंत्र कॅमेरा लागतो.

नेहमीचे बिघाड

दिवसा चालतो, अंधार पडला की बंद-चालू होतो: इन्फ्रारेड लागल्यावर वीज कमी पडते. थ्री प्लस वनमध्ये हे फार होतं. त्यातली विजेची तार ०.२ चौरस मिमीची असेल तर ३० मीटरवर अर्ध्या अँपिअरला अडीच व्होल्टपेक्षा जास्त गळतात. रात्री कॅमेऱ्याच्या टोकाला मोजा. ११ व्होल्टच्या खाली असेल तर ०.७५ चौरस मिमीची वेगळी टू-कोअर टाका.

अॅनालॉग चित्रात आडवे पट्टे वर सरकत असतील तर कॅमेऱ्याचं धातूचं अंग लोखंडी ग्रिलला किंवा ओल्या भिंतीला टेकलंय. मध्ये प्लास्टिकची पट्टी घाला.

लाइव्ह दिसतं पण मागचं काही सापडत नाही: तारीख बघा. लाइट गेल्यावर ती २००० सालात जात असेल तर आतला बटण सेल संपलाय, बहुधा सीआर२०३२. फोनवर ‘ऑफलाइन’, घरात सगळं ठीक: एनव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस (इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर) रिकामा राहिलाय.

रात्री पांढरे धागे हलताना दिसतात ते कोळ्याचं जाळं. पंधरा दिवसांनी मऊ ब्रशने झाडा, काच मऊ ओल्या फडक्याने पुसा.

शेजारी आणि कायदा

शेजाऱ्याची खिडकी, मोरी किंवा गच्ची चित्रात येत असेल तर कॅमेरा वळवा, नाहीतर प्रायव्हसी मास्कने तो भाग झाका. बायकांच्या खासगी क्षणांचं चित्रीकरण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. एकत्र घरात राहत्या भागात सहनिवाशांच्या संमतीशिवाय कॅमेरे लावता येत नाहीत, हा कोलकाता उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कायम ठेवला. सोसायटीत सामाईक जिन्याकडे तोंड असेल तर समितीची लेखी परवानगी घ्या.

घटना घडली तर

आधी ओव्हरराइट थांबवा. फोनची वेळ आणि एनव्हीआरची वेळ एकाच फोटोत घ्या, दोन्हींत फरक असेल तर तो लिहून ठेवा. घटनेच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंत चारही कॅमेऱ्यांचं फुटेज, प्लेअरसकट, पेन ड्राइव्हवर उतरवा. पडद्याचा मोबाइलने काढलेला व्हिडिओ पुरावा म्हणून कमकुवत ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं: एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा). तपास अधिकाऱ्याकडे त्याचा नमुना मागा. पोलिसांनी एनव्हीआर किंवा डिस्क नेली तर पंचनाम्यात यंत्राचा आणि डिस्कचा सीरियल नंबर लिहिलाय का, ते तिथेच वाचून घ्या.